एका प्रांताचा वेगळा कौल : वऱ्हाड, ‘वंदे मातरम्’ आणि बँडची स्वरलिपी

१/ स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी सर्व प्रांतांच्या राज्यपालांना पत्र पाठवून विचारले : राष्ट्रगीत म्हणून ‘जन गण मन’ किंवा दुसरे एखादे गीत स्वीकारण्याविषयी आपले मत काय? उत्तरापूर्वी आपल्या प्रांताच्या मुख्यमंत्र्यांशी विचारविनिमय करावा, अशी सूचनाही पत्रात होती. एक सोडून सर्व राज्यपालांनी ‘जन गण मन’ला पसंती कळवली. अपवाद होता मध्यप्रांताच्या राज्यपालांचा. अमरावती आणि अकोला हे जिल्हे तेव्हा याच प्रांताच्या कारभारात होते. आजचा धागा या अपवादाविषयी, आणि ज्या प्रश्नावर तो उभा राहिला त्याविषयी : एखादे गीत बँडवर वाजवता येणे म्हणजे नेमके काय?

२/ समाजमाध्यमांवर या विषयाची दोनच कथानके फिरतात. एक म्हणते, ‘वंदे मातरम्’ केवळ धार्मिक आक्षेपांमुळे मागे पडले. दुसरे म्हणते, ‘जन गण मन’ची निवड आपसूकच झाली, वाद असा नव्हताच. दोन्ही कथानकांत एक पात्र गैरहजर असते : बँडवाला. कॉर्नेट, क्लॅरिनेट, युफोनियम आणि ड्रम घेऊन मैदानात उभा असलेला, पुढ्यातल्या छोट्या स्टँडवर कागद लावलेला वादक. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी घटना समितीत केलेले निवेदन नीट वाचले, तर त्यातला युक्तिवाद मुख्यतः या वादकाभोवती फिरतो.

३/ आधी वऱ्हाडची स्थिती समजून घेऊ. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता, पण सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचे. १९०२ च्या करारात हा प्रदेश वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याचा कारभार नागपूरच्या मध्यप्रांताला जोडला गेला. १९३६ च्या करारात निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली आणि वऱ्हाडात ब्रिटिश निशाणासोबत निजामाचेही निशाण फडकू लागले.

४/ म्हणजे अमरावतीच्या कचेरीवर दोन निशाणे, आणि दोन्ही परक्यांची. अशा प्रदेशात ‘आपले गीत कोणते’ हा प्रश्न समारंभाच्या तपशिलापुरता राहत नाही. वंगभंगाच्या चळवळीनंतर, म्हणजे १९०५ पासून, ‘वंदे मातरम्’ हे गीत आणि घोषणा या दोन्ही रूपांत देशभर पसरले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे निकटचे सहकारी. त्यांच्या पिढीच्या राजकारणात हे दोन शब्द उच्चारणे म्हणजेच पक्ष जाहीर करणे होते.

५/ १९३८ मध्ये हा संबंध आणखी घट्ट झाला. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मोडली आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे विद्यापीठातून कमी झाली. त्यांपैकी अनेकांना आसरा दिला तो नागपूर विद्यापीठाने. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजची विदर्भ महाविद्यालयाची संस्था, याच विद्यापीठाशी संलग्न होते. या गीतासाठी शिक्षण पणाला लावलेली मुले या प्रांताने आपल्या वर्गांत बसवून घेतली होती.

६/ नेहरूंचे पत्र अशा पार्श्वभूमीच्या प्रांतात पोचले. राज्यपाल होते मंगलदास पकवासा, मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल. घटना समितीत याच प्रांतातून गेलेल्या सदस्यांत अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते. मध्यप्रांताचा कौल वेगळा पडला, ही नोंद नेहरूंच्याच निवेदनात आहे. पुढे पश्चिम बंगालच्या नव्या मुख्यमंत्र्यांनीही आपल्या सरकारची पसंती ‘वंदे मातरम्’ला असल्याचे कळवले, तीही नोंद तिथेच आहे. मात्र तोवर मंत्रिमंडळाने ‘जन गण मन’ची चाल तात्पुरती स्वीकारून प्रांतांना तशा सूचना धाडल्या होत्या.

७/ ‘चाल’ हा शब्द येथे महत्त्वाचा. निवेदनात नेहरू म्हणतात ते साधारण असे : राष्ट्रगीत शब्दांचे असते, पण त्याहून अधिक ते सुरांचे असते. ते गायले जाते क्वचित, वाजवले जाते वारंवार. म्हणून ते लहान आणि मोठ्या वाद्यवृंदांना, लष्करी बँडला आणि पाइप बँडलाही प्रभावीपणे वाजवता आले पाहिजे, देशात आणि परदेशांतही. ‘जन गण मन’चे शब्द पुढे बदलावे लागतील, असेही तेव्हा गृहीत धरले होते. तातडी होती ती वाजवता येणाऱ्या सुरावटीची.

८/ ही तातडी कुठून आली? १४ ऑगस्ट १९४७ पर्यंत हिंदुस्थानातील प्रत्येक लष्करी आणि पोलीस बँडच्या संग्रहात ‘गॉड सेव्ह द किंग’चे कागद होते. प्रत्येक वाद्यासाठी वेगळा पार्ट, कित्येक पिढ्या वाजवून पाठ झालेला. दुसऱ्या दिवशी तो कागद बाजूला ठेवला गेला. परेड होती, सलामी होती, परदेशी वकील येणार होते, आणि स्टँडवर लावायला कागद नव्हता. निशाणाइतकाच हा प्रश्न निकडीचा झाला, असे नेहरूंनी स्वतः नमूद केले आहे.

९/ वऱ्हाडातील एका संस्थेच्या इतिहासात या उणिवेची पूर्वखूण सापडते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे (स्थापना १९१४) पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला गेले होते. आंतरराष्ट्रीय समारंभात राष्ट्र म्हणून उभे राहायचे, तर निशाण लागते आणि सुरावटही लागते. १९३६ मध्ये हिंदुस्थानच्या नावाने वाजणारे अधिकृत गीत साम्राज्याचेच होते. अकरा वर्षांनी देश स्वतंत्र झाला तेव्हा निशाण ठरलेले होते, सुरावट ठरायची होती.

१०/ प्रसंग आला तो १९४७ च्या अखेरीस न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी. भारतीय शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित होत्या. एका समारंभात वाजवण्यासाठी वाद्यवृंदाने भारताचे राष्ट्रगीत मागितले. शिष्टमंडळाजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, तीच दिली. वादकांनी तिच्यावरून सराव केला आणि गीत वाजवले. ऐकणाऱ्या अनेक देशांच्या प्रतिनिधींनी त्याचा स्वरलेख मागितला. त्या वादनाचे ध्वनिमुद्रण भारतात आले आणि आपले लष्करी बँडही हीच सुरावट वाजवू लागले.

११/ येथे थांबून विचारू : तबकड्या तर ‘वंदे मातरम्’च्याही निघाल्या होत्या. मग तेच गीत वाद्यवृंदाच्या हाती का देता आले नसते? उत्तर त्या तबकड्यांतच आहे. विष्णुपंत पागनिसांचे ‘वंदे मातरम्’ सारंगाच्या अंगाने जाते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ते काफीत गात. १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे आकाशवाणीवर पंडित ओंकारनाथ ठाकुरांनी गायिले ते बंगीय काफीत. तिमिर बरन यांनी दुर्गा रागात संचलनाच्या लयीची चाल बांधली होती. गीत एकच, चाली अनेक आणि प्रत्येक चाल कुणाला तरी प्राणप्रिय.

१२/ गायकाच्या दृष्टीने हे वैभव आहे. गीत जिवंत असल्याची ती खूण. बँडच्या दृष्टीने मात्र अडचण, कारण बँडला एकच चाल हवी असते आणि ती सर्वत्र तीच असावी लागते. श्रीनगरच्या पथकाने सारंग वाजवावा, अकोल्याच्या पोलीस मैदानावर काफी वाजावा आणि परदेशातील वकिलातीने दुर्गा, हे राष्ट्रगीताच्या बाबतीत चालत नाही. ‘अन्य कोणत्याही राष्ट्रीय गीताचे परदेशी पाठवण्याजोगे वाद्यरूप तेव्हा आमच्याजवळ नव्हते’, असा नेहरूंच्या निवेदनातील एका मुद्द्याचा आशय आहे. त्याचा एक अर्थ असा की गाण्याची उणीव नव्हती, ठरलेल्या मांडणीची होती.

१३/ ‘जन गण मन’ची वाट वेगळी होती. २७ डिसेंबर १९११ ला ते कलकत्ता काँग्रेसमध्ये प्रथम गायले गेले. फेब्रुवारी १९१९ मध्ये रवींद्रनाथ मदनपल्लीच्या थिऑसॉफिकल महाविद्यालयात मुक्कामाला होते. तेथे मूळच्या आयर्लंडच्या, संगीताचे पदवीशिक्षण घेतलेल्या मार्गारेट कझिन्स यांनी या गीताची पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलिपी उतरवली. ११ सप्टेंबर १९४२ ला हॅम्बुर्गमध्ये सुभाषबाबूंच्या उपस्थितीत ते युरोपीय वाद्यवृंदावर वाजले. पुढे आझाद हिंद सेनेने हीच चाल हिंदुस्थानी शब्दांसह घेतली आणि मूळचे गुरखा पलटणीतले कॅप्टन रामसिंग ठाकुरी यांनी ती सेनेच्या बँडवर चढवली.

१४/ म्हणजे १९४७ च्या आधीच ही चाल एकदा कागदावर उतरली होती, एकदा परदेशी वाद्यवृंदातून गेली होती आणि एकदा लष्करी बँडमधून. दर टप्प्यावर तिची वाद्यांवरची परीक्षा होत होती. ज्या हर्बर्ट मरिल यांचे नाव ‘जन गण मन’च्या प्रचलित वाद्यवृंदी मांडणीशी जोडले जाते, ते बीबीसीतले इंग्रज संगीतकार. त्यांच्यापर्यंत ही सुरावट पोचली तेव्हा ती बरीच घासून-पुसून एकरूप झालेली होती.

१५/ आता तांत्रिक भाग. ‘मांडणी’ म्हणजे काय? भातखंडे किंवा पलुसकर पद्धतीची स्वरलिपी आपल्याला गाण्याची एक ओळ देते : कोणता स्वर, किती मात्रा, सम कुठे. आपले संगीत एका ओळीचे आहे, त्यामुळे एवढे पुरते. बँडचा स्वरलेख मात्र उभाही वाचावा लागतो. वर कॉर्नेट मुख्य सुरावट वाजवते, त्याच क्षणी क्लॅरिनेट तिच्याखालचा दुसरा स्वर धरते, ट्रॉम्बोन तिसरा, तळाशी बेस आधार देतो आणि ड्रम काळ मोजतात. एकाच गाण्याचे पाच-सहा समांतर प्रवाह. आपल्या स्वरलिपीत या प्रवाहांची सोय नव्हती, कारण तशी गरजच पडली नव्हती.

१६/ दुसरी गुंतागुंत स्वराच्या घराची. बँडमधले नेहमीचे क्लॅरिनेट आणि कॉर्नेट यांचा ‘सा’ आपल्या पेटीच्या पांढरी एकवर नसतो. तो काळी पाचवर असतो. आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोनवर. कागदावर एकच खूण दिसली तरी दोन वाद्यांतून वेगळे स्वर निघतात. म्हणून मांडणी करणाऱ्याला प्रत्येक वाद्याचा कागद त्याच्या घराप्रमाणे सरकवून लिहावा लागतो. एका मिनिटाच्या गीतासाठी वीसेक वेगवेगळे कागद तयार होतात. एका कागदात एक स्वर चुकला, तर मैदानातल्या माणसाला चूक कुठे आहे ते कळत नाही. त्याला एवढेच जाणवते की काहीतरी बेसूर आहे.

१७/ तिसरी अट नेहरूंनी सांगितलेली : लहान-मोठ्या सर्व वाद्यवृंदांना झेपले पाहिजे. दिल्लीच्या लष्करी बँडमध्ये चाळीस-पन्नास वादक असतील, एखाद्या जिल्ह्याच्या पोलीस बँडमध्ये बारा-पंधरा. म्हणून मांडणी लवचीक हवी. ओबो नसेल तर त्याची ओळ क्लॅरिनेटच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहून ठेवतात. युफोनियम रिकामे असेल तर त्याची जागा ट्रॉम्बोनने भरावी अशी सोय करतात. चांगल्या लवचीक मांडणीत चारच प्रवाह असे बांधलेले असतात की ते कुणीही वाजवले तरी गीत उभे राहते. बाकीचे सारे त्यावरचा साज.

१८/ चौथी अट सर्वांत कडक, पाइपची. स्कॉटिश पद्धतीच्या बॅगपाइपमधून मुळात नऊच स्वर निघतात. त्यात हळू-मोठा आवाज करता येत नाही आणि सूर मध्येच तोडून विसावाही घेता येत नाही. ‘जन गण मन’चा पल्ला मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे जवळपास तेवढाच. पाइपसाठी थोडे फेरफार लागतात, पण गीताची ओळख पुसली जात नाही. बहुतेक अक्षरांना एकेक स्वर, लागोपाठ येणारे तेच तेच सूर आणि शेवटी ‘जय हे’ला वर जाऊन पायरी-पायरीने उतरणे. पितळी वाद्यांना हे सोयीचे असते.

१९/ ‘वंदे मातरम्’च्या प्रचलित चाली मुख्यतः गळ्यासाठी घडलेल्या होत्या. त्यांत मींड आहे, दोन स्वरांमधली हळुवार घसरण आहे, लय गायकाच्या भावाबरोबर सैल होते. कॉर्नेटच्या तीन झडपांवर मींड उमटवणे कठीण, आणि पंधरा वादकांनी ती एकदम, एकसारखी उमटवणे त्याहून कठीण. नेहरूंनी या गीताला निर्विवादपणे देशाचे प्रमुख राष्ट्रीय गीत म्हटले. सोबत त्याची चाल काहीशी आर्त आणि पुनरावृत्तीची असून वाद्यवृंदाला अवघड असल्याचेही म्हटले. पहिले विधान इतिहासाविषयी होते, दुसरे वाद्यांविषयी. पुढच्या वादात ही दोन विधाने एकमेकांत मिसळली गेली.

२०/ या आव्हानाला सर्वांत नेमके उत्तर महाराष्ट्रातून गेले. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४), भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळी आणि प्रभात फिल्म कंपनीचे संगीतकार. त्यांनी झिंझोटी रागाच्या आधाराने ‘वंदे मातरम्’ची चाल बांधली होती. बँडवर वाजत नाही हा आक्षेप त्यांनी धुडकावला नाही. तो गृहपाठासारखा हाती घेतला. मुंबई पोलीस बँडचे प्रमुख सी. आर. गार्डनर यांची मदत घेऊन त्यांनी गीताची संचलनाच्या लयीतली, पाश्चात्त्य स्वरलिपीतली मांडणी सिद्ध केली आणि दिल्लीत नेत्यांपुढे ती सादरही केली.

२१/ मास्तरांच्या या कृतीचे मोल निकालावरून ठरवू नये. भाषणे देणारे पुष्कळ होते. ‘अवघड’ या शब्दाचे तुकडे करून त्यातला कोणता तुकडा सुटतो ते दाखवणारे थोडे. राष्ट्रीय वादात भाग घेण्याची ही एक वेगळी रीत आहे : प्रतिपक्षाची कसोटी मान्य करायची आणि तिच्यावर उतरून दाखवायचे. परंतु मांडणी तयार होऊन ऐकवली जाईपर्यंत दुसरी सुरावट देशातल्या बँडांत, वकिलातींत आणि आकाशवाणीच्या संग्रहात स्थिरावत चालली होती. एकदा हजारो स्टँडवर एक कागद लागला की तो बदलणे शब्द बदलण्याहून जड जाते.

२२/ येथे दोन सावध टिपणे. पहिले : धार्मिक आक्षेप खरे होते, ते नाकारून इतिहास लिहिता येत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्येच काँग्रेस कार्यकारिणीने राष्ट्रीय समारंभांत ‘वंदे मातरम्’ची पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरवले होते. १९४८ च्या निवेदनामागे ही स्मृती असणारच. पण निवेदनात लेखी युक्तिवाद आहे तो संगीताचा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही गोष्टी एका वेळी हातात धराव्यात. मागचा संदर्भ विसरू नये आणि समोरचा मजकूर न वाचता सोडू नये.

२३/ दुसरे : बँडची कसोटी तटस्थ नव्हती. कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि बॅगपाइप ही वाद्ये साम्राज्याच्या पलटणींबरोबर येथे आली. स्वतंत्र देशाच्या गीताने त्यांच्या नऊ स्वरांत आणि तीन झडपांत बसावे, ही अपेक्षा त्या वारशाचाच भाग होती. सनई-चौघडा, संबळ किंवा दिंडीतले टाळ-मृदंग यांना कसोटी मानले असते, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. पण १९४७ चा राज्यसमारंभ पलटणी, परेड आणि परदेशी वकिलाती यांनी बनलेला होता. राज्य बदलले तरी मैदानातली वाद्ये तीच राहिली. मध्यप्रांताच्या कौलाला या वाद्यांच्या भाषेत बोलणारा कागद मिळाला नाही, निदान वेळेवर मिळाला नाही.

२४/ २४ जानेवारी १९५० रोजी अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसादांनी निर्णय जाहीर केला : ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक वाटा असलेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान. मतदान झाले नाही. त्याच दिवशी सदस्यांनी राज्यघटनेवर सह्या केल्या. शेवटी पूर्णिमा बॅनर्जी आणि अन्य सदस्यांनी ‘जन गण मन’ गायले, तर लक्ष्मीकांत मैत्र आणि अन्य सदस्यांनी ‘वंदे मातरम्’. ज्या वादात बँडचा इतका विचार झाला, त्याच्या अखेरच्या दिवशी सभागृहात दोन्ही गीते माणसांच्या गळ्यांतूनच उमटली.

२५/ मांडणीचे काम मात्र पुढेही नियमांत जिवंत राहिले. संपूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद, पहिल्या आणि शेवटच्या ओळींच्या संक्षिप्त रूपाला सुमारे २० सेकंद. बँडवर वाजवताना, दुसरी कोणतीही पूर्वसूचना नसेल तर, आधी ड्रमचा घुमारा द्यायचा. त्याची लांबी संथ संचलनाच्या सात पावलांइतकी. तो हळू सुरू होतो, टिपेला पोचतो, पुन्हा मंदावतो, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहतो. मग एका ठोक्याची शांतता आणि गीताचा पहिला सूर. एवढा बारकावा सरकारी आदेशात लिहिलेला आहे.

२६/ येत्या ध्वजवंदनाला अमरावती किंवा अकोल्याच्या कवायत मैदानावर गेलात, तर हे सात ठोके मोजा. मग मुख्य सुरावट कोणते वाद्य धरते ते ओळखायचा प्रयत्न करा. तिच्याखाली दुसरा स्वर कोण देतो, ‘जय हे’ला बेस कुठे उतरतो, तेही ऐका. बँड लहान असेल तर कोणती ओळ कोणत्या वाद्याने उसनी घेतली आहे, हे लक्षात येऊ लागेल. एकदा हे ऐकू आले की राष्ट्रगीत म्हणजे एक सुरावट हा आपला समज कायमचा बदलतो.

२७/ आणि एक काम, जे या धाग्याच्या वाचकांना सहज करता येईल. आपल्या गावांत बँडचे पुष्कळ कागद अजून घरांत आणि पेट्यांत पडून असतील : जुन्या बँडमास्तरांच्या वह्या, शाळेच्या बँडचे पार्ट, पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्या वादकांनी हाताने उतरवलेली स्वरलिपी, लग्नाच्या बँडपार्टीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या क्लॅरिनेटवाल्याने सा-रे-ग-म मध्ये लिहिलेली गाणी. अभिलेखागारात आपण पत्रे, जमाखर्च आणि वर्तमानपत्रे शोधतो. या वह्या मात्र रद्दीत जातात, कारण त्या ‘गाण्याच्या’ समजल्या जातात.

२८/ अशी वही दिसली तर मालकाची परवानगी घेऊन प्रत्येक पानाचे छायाचित्र काढा. गाणे कोणते, कोणत्या वाद्यासाठी, कुणी आणि साधारण केव्हा उतरवले, बँडमध्ये तेव्हा किती वादक होते, एवढे पाच प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवा. कागदावर नंतर खोडून केलेले बदल विशेष जपा. एखादा वादक कमी झाल्यावर त्याची ओळ कुणाला दिली गेली ते अशाच खाडाखोडीत सापडते. आणि एखाद्या वहीत ‘वंदे मातरम्’चे पार्ट मिळाले, तर ते कोणत्या चालीचे आहेत ते ताडून पाहा : सारंग, काफी, दुर्गा की मास्तरांचा झिंझोटी. वऱ्हाडाचा कौल राज्यपालांच्या उत्तरातून आपल्याला कळला. वऱ्हाडाने हे गीत प्रत्यक्षात कसे वाजवले, ते या वह्यांतून कळेल.